तळहात-तळपाय जाड होणं : घराण्यातलं म्हणून सोडून द्यायचं का?

अबोली
नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. पोस्ट लांब होणार आहे, सांभाळून घ्या.
ह्यांच्या घराण्यात तळहात-तळपाय जाड असण्याचं आहे. सासऱ्यांचे तळवे पिवळट आणि टणक, मधे चिरा. ह्यांचे तसेच, मोठ्या नणंदेचे तसेच, धाकट्या दिराचे मात्र अगदी साधे. लग्न ठरताना सगळं सांगितलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे त्याबद्दल काही तक्रार नाही. आता आमचं बाळ रांगायला लागलंय आणि गेल्या काही महिन्यांत त्याचे तळवे पण बदलायला लागले. आधी नुसते लालसर होते, आता हात लावला की राठ लागतात, आणि मनगटापाशी जिथे तळहात संपतो तिथे एक लाल कड आलीय, आखून काढल्यासारखी. हाताच्या वरच्या बाजूला काही नाही.
सासूबाईंचं म्हणणं घराण्यातलं आहे, खोबरेल लाव, मोठा झाला की सवय होते. शेजारच्या काकींनी भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तूप, आणून दिलं. फार्मसीत विचारलं तर त्याने न बघताच एक ट्यूब दिली, तिच्यावर चार औषधांची नावं आहेत, ती अजून उघडलेली नाही. मला कळत नाही की खरंच काही करण्यासारखं आहे का, का उगाच तान्ह्या बाळाला घेऊन डॉक्टरांकडे फिरायचं. कोणाच्या घरात असं आहे का? प्लीज सांगा.

सुपारीबाग
अबोलीताई, मला जन्मापासून आहे, माझ्या आईला होतं, माझ्या थोरल्या मुलीला आहे. सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर आहे, म्हणजे सुपारीची बाग, सगळं आयुष्य हातानेच काम केलंय, त्यामुळे आतल्या बाजूने कसं असतं ते सांगू शकतो.
लोकांना वाटतं जाड कातडं म्हणजे मजबूत कातडं. तसं नाही ओ. जाड असतं पण वाकत नाही, मग जिथे हात मिटतो तिथे चिरतं, आणि ती चीर खोल जाते कारण वरचा थरच इतका आहे. उन्हाळ्यात घाम, पावसात चिखल, आणि डिसेंबर-जानेवारीत जी सकाळची कोरडी थंडी पडते तेव्हा सगळ्यात वाईट. मी भजनात पेटी वाजवतो, बोटांच्या टोकाला चीर असली की सा लावताना डोळ्यात पाणी येतं, पण चीर नसताना काहीच त्रास नाही.
माझं रोजचं सांगतो. संध्याकाळी कुळागरातून आलो की कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं, कातडं पांढरं आणि नरम पडलं की वजरीने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासायचं, रक्त येईपर्यंत कधीच नाही. मग पुसून, अंगात थोडी ओल असतानाच युरियाचं क्रीम चोळायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. हे केलं तर दुसऱ्या दिवशी चालणं सुसह्य, दोन-चार दिवस चुकवलं की परत जैसे थे. माझी आई दाढीच्या ब्लेडने टाचा तासायची, तिला पुढे शुगर निघाली आणि एक जखम चिघळून खूप महिने भरली नाही. म्हणून कोणीही ब्लेड वापरू नका, हात जोडून सांगतो.
भिरंडेल वाईट नाही, मी पण लावतो, कोकमाचं तूप कातडीतलं पाणी धरून ठेवतं. पण जाडी कमी करत नाही, ते काम त्याच्या आवाक्यातलं नाही.
आणि सवय होते म्हणतात ना, ते खरं नाही. माणूस बोलायचं बंद करतो, एवढंच.

म्हादई
अबोली, मी त्वचारोग विभागात काम करते, इथे नावगाव नको. बाळाला न बघता निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते इतकं नीट लिहिलंय की थोडं मोकळेपणाने बोलते.
ह्या सगळ्या प्रकाराला पाल्मोप्लांटर केराटोडर्मा म्हणतात, हा एक रोग नव्हे, डझनावारी रोगांचं मिळून एक नाव आहे. वरून सगळ्यांचे तळवे जाडच दिसतात, पण आतलं कारण वेगळं असतं आणि पुढचा धोकाही वेगळा असतो. म्हणून घराण्यातलं आहे म्हणून सोडून द्या हे मला पटत नाही. घराण्यातलं आहे, बरोबर, पण कुठलं?
तुमच्या घरात आजोबा, मुलगा-मुलगी, नातू असं प्रत्येक पिढीत दिसतंय, दिराला नाही. म्हणजे डॉमिनंट पद्धतीचं, आईबाप दोघांपैकी एकाकडून एक बिघडलेला जीन आला तरी पुरे. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, मुलगा असो वा मुलगी. दिराकडे तो जीन गेलाच नसेल तर त्याच्या मुलांना यायचं कारण नाही. बाळपणात सुरू होणं, ठळक लाल कड, वरच्या बाजूला न पसरणं, हे सगळं ज्या प्रकारात जास्त दिसतं त्याला व्हर्नरचा प्रकार म्हणतात, हान्स व्हर्नरने १९०१ मध्ये वर्णन केलेला. त्याच्यामागे बहुतेक वेळा केआरटी९ नावाचा जीन असतो, १९९४ मध्ये सापडला. तो केराटिन ९ हे प्रोटीन बनवतो आणि गंमत बघा, हे प्रोटीन शरीर जवळजवळ फक्त तळहात-तळपायाच्या कातडीतच बनवतं. म्हणून बिघाड तिथेच दिसतो, पोटावर पाठीवर काही नाही. पेशींना आतून ताठ धरणारा सांगाडाच कच्चा असल्यामुळे दाब-घर्षण झालं की पेशी तुटतात आणि कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होत जाते. बाळ रांगायला लागलं की वाढतं ते ह्याच्यामुळे.
हा प्रकार असेल तर आयुष्याला धोका नाही, त्रास आहे आणि तो रोज सांभाळायचा आहे. पण दुसरे काही प्रकार आहेत ज्यांत तळवे ही फक्त पहिली खूण असते, आणि ते नाहीत ह्याची खात्री एकदा करून घ्यायची. ग्रीसमध्ये नॅक्सोस नावाचं बेट आहे, तिथल्या कुटुंबांमध्ये १९८६ मध्ये एक आजार लक्षात आला : जन्मतः कुरळे लोकरीसारखे केस, चालायला लागल्यावर तळवे जाड, आणि वयात येताना हृदयाचे ठोके बिघडून चक्कर, कधी अचानक मृत्यू. त्याच्यासारखाच कार्वाहाल म्हणून एक प्रकार आहे. अशा मुलाला तळव्यांसाठी क्रीम देऊन घरी पाठवलं तर फार मोठी गोष्ट हातातून सुटते, एक ईसीजी आणि इको केला की कळतं. तसंच काही प्रकारांत ऐकू कमी येतं, बोटांभोवती वळं पडून बोट आवळलं जातं. लिव्हरपूलच्या दोन घराण्यांत १९५८ मध्ये नोंदलेला एक प्रकार आहे, त्यात तळवे जाड होणं शाळेच्या वयात सुरू होतं आणि मोठेपणी अन्ननलिकेचा कॅन्सर व्हायची शक्यता खूप असते, त्या घरच्यांची एंडोस्कोपी नियमित करावी लागते. म्हणून मी पेशंटला नेहमी विचारते, घरात कोणाला तरुणपणी गिळायला त्रास झाला का, कोणी अचानक गेलं का, केस कसे, कान कसे, दात कसे.
हे वाचून घाबरू नका, तुमच्या वर्णनात ह्यातलं काही दिसत नाही. पण एकदा नीट विचारलं गेलं पाहिजे.

अबोली
वाचून आधी पोटात गोळा आला, मग बरं वाटलं. सासऱ्यांच्या पिढीत कोणी तरुणपणी अचानक गेलेलं नाही, सासूबाईंना विचारून आले. केस आमच्या बाळाचे सरळ आणि नावापुरतेच आहेत. दातांचं काय म्हणालात ते कळलं नाही.

दंतवैद्य_मडगाव
दातांचं मी सांगतो, कारण अशी मुलं बऱ्याचदा आधी आमच्याकडे येतात.
पापियों-लफेव्र नावाचा आजार आहे, दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये लिहिलेला. अगदी विरळ, दहा लाखांत एक ते चार इतका. मुलाचे तळवे जाड आणि लाल, कधी गुडघे-कोपरही, आणि दुधाचे दात वेळेवर येतात पण आल्या आल्या हिरड्या सुजतात, पू येतो, दात हलायला लागतात आणि चार-पाच वर्षांपर्यंत सगळे पडतात. मग हिरड्या एकदम छान होतात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, कायमचे दात येतात आणि परत तेच, चौदा-सोळाव्या वर्षी तोंड रिकामं. दात किडलेले नसतात, नुसते आधार सुटून पडतात. कॅथेप्सिन सी नावाच्या एन्झाइमचा जीन दोन्हीकडून बिघडलेला आला तरच होतो, म्हणून आईबाप दोघं ठणठणीत असतात, आणि नात्यातल्या नात्यात लग्न झालेल्या घरांत जास्त दिसतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात, त्यामुळे हे विचारावंच लागतं. ह्याच जीनचा एक भाऊबंद आजार कोचीनच्या ज्यू कुटुंबांत १९६५ मध्ये नोंदला गेला, म्हणजे हे सगळं काही दूर युरोपातलंच नाही.
लवकर कळलं तर हिरड्यांची कडक स्वच्छता, अँटिबायोटिक, काही मुलांना अॅसिट्रेटिन नावाची कातडीची जाडी कमी करणारी गोळी, आणि काही कायमचे दात वाचवता येतात. उशीर झाला तर कवळी. अबोलीताई, तुमच्याकडे प्रत्येक पिढीत आहे म्हणजे हा प्रकार नसावाच, पण सासऱ्यांचे दात कसे होते तेवढं विचारा, फुकटचं उत्तर मिळतं.

अबोली
सासरे अजून ऊस सोलून खातात!

रानमोगरा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण धागा हाच बरा वाटतो. माझ्या घरात कोणालाच नाही. वय पन्नाशीच्या आसपास, पाळी बंद होत आलीय, आणि दोन्ही टाचा आणि चवड्याखाली कातडं असं जाड झालंय की सकाळी पहिली पावलं टाकताना भिंत धरते. वजन पण वाढलंय. आमच्या इथे सगळ्या बायका म्हणतात अनवाणी चालतेस म्हणून, देवळात जातेस म्हणून. मी लहानपणापासून अनवाणी चालतेय, तेव्हा नाही झालं, आता का? फार्मसीतून आणलेल्या क्रीमने पंधरवडाभर फार छान वाटलं, मग बंद केल्यावर पहिल्यापेक्षा वाढलं, आणि आता एका हाताला पण खाज आणि खवले आलेत. फक्त उजव्या.

म्हादई
रानमोगरा ताई, मोठेपणी नव्याने जाड झालं तर आम्ही सगळी दारं ठोठावून बघतो, कारण ह्यातली बरीच कारणं बरी होणारी आहेत. जन्मजात प्रकार सांभाळायचा असतो, नंतर आलेला बऱ्याचदा घालवता येतो, म्हणून इथे आळस करू नये.
पाळी जायच्या वयात, वजन जास्त असलेल्या बायकांना टाचा आणि चवड्याखाली असं होतं हे १९३४ मध्ये हॅक्सथाउसेनने लिहून ठेवलंय. तुमचं ते असू शकतं. थायरॉइड मंदावलेला असला तरी तळवे जाड होतात, ती रक्ताची तपासणी सोपी आहे आणि गोळी सुरू झाली की कातडी हळूहळू सुधारते. सोरायसिस असेल तर डोक्यात खवले, नखांवर बारीक खड्डे, कोपरावर चट्टे सापडतात, पण कधी फक्त तळव्यांवरच असतो आणि तेव्हा एक्झिमापासून ओळखणं अवघड जातं, बायोप्सी लागते, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं. एक्झिमा आपल्याकडे कामातून पण येतो : सिमेंटमधल्या क्रोमेटची अॅलर्जी झालेले गवंडी, काजूच्या सालीतल्या तेलाने हात भाजलेल्या बायका, दिवसभर साबणात हात असणाऱ्या. तिथे काम बदललं नाही आणि हातमोजेही आड आले नाहीत तर कुठलंच क्रीम टिकत नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात बोअरच्या पाण्यातल्या आर्सेनिकने तळव्यांवर बारीक टणक दाणे येतात आणि अंगावर थेंब उडाल्यासारखे डाग, तिकडे काम करून आलेल्या माणसाला मी तेही विचारते. आणि पायाला चीर पडलीय पण दुखत नाही असं कोणी सांगितलं तर मी लगेच संवेदना तपासते, कुष्ठरोगात नस बधिर होऊन असं होतं, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि लवकर घेतली तर हातपाय वाचतात. साठीनंतर अचानक तळव्यांवर मखमलीसारखी जाडी आणि रेषा ठसठशीत झाल्या तर पोट आणि फुप्फुसाची तपासणी सांगते, क्वचित आतल्या कॅन्सरची ती खूण असते.
आता तुमचा उजवा हात. दोन पाय आणि एक हात हे ऐकलं की माझ्या डोक्यात पहिल्यांदा फंगस येतं. पावसात पाय तासन्‌तास ओले, मग तोच हात पाय खाजवायला. त्याच्यात तुम्ही लावलेल्या ट्यूबमध्ये स्ट्रॉइड असणार, बहुतेक क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन. स्ट्रॉइडने खाज आणि लाली मरते म्हणून पंधरा दिवस स्वर्ग वाटतो, पण खाली फंगसला मोकळं रान मिळतं, ते पसरतं, त्याचा चेहरा पण बदलतो आणि मग डॉक्टरला सुद्धा ओळखू येत नाही. स्ट्रॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असलेल्या ट्यूबा आपल्याकडे काउंटरवर बिस्किटांसारख्या मिळतात, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात तरी. ह्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत पेशंट महिनोन्‌महिने भरतो. ट्यूब थांबवा, काही दिवसांनी त्वचेच्या डॉक्टरकडे जा, खवला खरवडून केओएच तपासणी, म्हणजे फंगस आहे का ते बघायची, करायला सांगा, ती तिथल्या तिथे होते. अबोली, तुमची ती चार नावांची ट्यूब पण उघडू नका, बाळाला तर नाहीच.

रानमोगरा
ट्यूबवर क्लोबेटासॉल लिहिलंय. आजपासून बंद. देव बरें करूं.

पाटो_पुलावर
मला जन्मजातच आहे, पंचविशीतली मुलगी, पुढच्या वर्षी लग्न आहे. एका ठिकाणी अॅसिट्रेटिनच्या गोळ्या लिहून दिल्या, खाल्ल्या की महिन्यात हात मऊ होतात म्हणाले. लग्नात मेंदी काढायची आहे म्हणून मोह होतोय. घेऊ का?

म्हादई
थांब गं. गोळी चांगली आहे, पण तुझ्या बाबतीत घाई नको. अॅसिट्रेटिन चालू असताना आणि बंद केल्यावर पुढची तीन वर्षं गरोदर राहायचं नसतं, बाळात गंभीर व्यंग होतं. दारू पोटात गेली तर हे औषध अशा रूपात बदलतं जे शरीरात खूप जास्त काळ राहतं, म्हणजे लग्नातला फेणीचा एक पेला पण नाही. ह्या काळात रक्तदानही नाही. लिव्हर आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हर्नरच्या प्रकारात ह्या गोळीने कातडी कधी कधी इतकी सुटते की खाली कोवळं, दुखरं मांस लागतं आणि चालणं आणखी अवघड होतं. म्हणून आधी प्रकार कळला पाहिजे. दोन-तीन वर्षांत मूल हवं असेल तर ही गोळी तुझ्यासाठी नाही, असं मी माझ्या बहिणीला सांगितलं असतं. मेंदीसाठी रोज युरिया, सॅलिसिलिक अॅसिडचं मलम रात्री, नीट भिजवून घासणं, ह्याने पण महिनाभरात हात बराच बरा होतो. मेंदी जाड कातडीवर उलट गडद चढते. आणि तुझा प्रकार डॉमिनंट असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असते, हे होणाऱ्या नवऱ्याला आत्ताच सांग, जेनेटिक टेस्ट आधी करून ठेवलीस तर पुढे मुलाच्या वेळी निर्णय घ्यायला सोपं जाईल.

शाळेतली_बाई
तिसवाडीतल्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, बाकीची मुलं त्याचा हात धरायला तयार नसायची, रिंगण करायचं म्हटलं की त्याच्या दोन्ही बाजूला जागा रिकामी. त्याच्या आईने मला विश्वासात घेऊन सांगितलं आणि मग मी वर्गात सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेऊन मुलांना समजावलं की हे लागत नाही, हे त्याच्या आजोबांकडून आलंय जसे तुझे डोळे तुझ्या आईकडून आलेत. मुलं पटकन समजतात, मोठ्यांना वेळ लागतो. त्याला परीक्षेत लिहायला जाड पेन आणि थोडा जास्त वेळ लागायचा, पावसाळ्यात बुटांऐवजी उघड्या सँडलची परवानगी लागली, कारण बंद बुटात घाम साचून वास यायचा आणि फंगस व्हायचं. आईबापांनी शाळेला आधीच सांगावं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. लपवलं की मुलगा एकटा पडतो.

सुपारीबाग
बाईंनी फार मोठं काम केलंत. माझ्या वेळी असं कोणी केलं नाही.
एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आधारचे ठसे. आमच्या बोटांवर रेषा नीट उमटत नाहीत, रेशनला, गॅसला, सिमकार्डला मशीन लाल दिवा दाखवतं आणि मागच्या लोकांना वाटतं ह्याचं काहीतरी खोटं आहे. आधी बाजूला उभं करून ठेवायचे. डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर ओटीपी घेऊन पण ओळख पटवता येते, हे तुम्हीच ठामपणे सांगायचं, समोरच्याला बऱ्याचदा माहीत नसतं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला ठेवा. जायच्या आधी रात्री भिजवून क्रीम लावलं तर कधी ठसा लागतो पण, माझा अंगठा लागत नाही, अनामिका लागते.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना धागा वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतः टब भरून बसले. आम्ही बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जायचं ठरवलंय. म्हादई, जाताना काय काय न्यायचं? आणि तोवर बाळाला काय लावू?

म्हादई
तोवर साधं व्हॅसलीन, आंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असताना. तळव्यांना तेलाच्या ग्रंथी मुळातच नसतात, त्यामुळे वरून द्यावंच लागतं. सॅलिसिलिक अॅसिडचं काहीही लावू नका, तान्ह्याच्या कातडीतून ते रक्तात जातं. युरिया किती टक्के आणि कधी ते बघून सांगतील, चिरांवर ते झोंबतं. रांगताना खाली मऊ चटई घाला, आणि पाय धरायला लागला की मऊ, सैल, हवा खेळती चप्पल.
नेताना एकट्या बाळाला नेऊ नका, मोठ्या नणंदेला आणि जमलं तर सासऱ्यांना घेऊन जा, कारण डॉक्टरला तीन पिढ्यांचे हात एकाच वेळी बघायला मिळाले तर निम्मं निदान तिथेच होतं. बायोप्सी लागलीच तर ती ह्यांच्या तळव्याची घेता येते, बाळाला टोचायची गरज नाही, आणि जीनची टेस्ट पण आधी त्यांच्याच रक्तावर करतात. एका कागदावर घराण्याची वंशावळ काढा, कोणाला आहे त्याच्यावर फुली, कोण कुठल्या वयात कशाने गेलं ते बाजूला. सासूबाईंना बसवून लिहा, त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसणार. आणि ती ट्यूब पण घेऊन जा, दाखवायला.